हायड्रोकोलॉइड म्हणजे काय? (पिठल्यापासून तेलविहिरीपर्यंत)



दोह्यातल्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये जा. आइस्क्रीमचा एक डबा, केचपची एक बाटली आणि जेलीचे एक पाकीट हातात घ्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचा. साखर, मीठ, दूध, टोमॅटो ही ओळखीची नावे संपली की काही अनोळखी नावे सुरू होतात: गवार गम, झँथन गम, कॅराजीनन, पेक्टिन, जिलेटिन. कधी कधी नावही नसते, नुसते ई ४०७, ई ४१२, ई ४१५ असे आकडे असतात. ही सगळी मंडळी एकाच कुळातली आहेत. त्या कुळाचे शास्त्रीय नाव हायड्रोकोलॉइड.

नाव भारदस्त आहे, पण वस्तू घरातलीच आहे. आई पिठले करते तेव्हा ते दाट का होते? फालुद्यातला सब्जा फुगून बुळबुळीत का होतो? उकडीच्या मोदकाची पारी फाटत का नाही? या सगळ्यांचे उत्तर या एका शब्दात आहे. आज आपण तीन गोष्टी पाहू. या शब्दाचा अर्थ काय, हे पदार्थ काम कसे करतात, आणि पाकिटावर ही नावे दिसली तर आपण काय समजायचे.

शब्द कुठून आला?

'हायड्रो' म्हणजे पाणी, हे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. 'कोलॉइड' हा शब्द थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली तयार केला. ग्रीक भाषेत 'कोला' म्हणजे सरस. सुतार लाकडे जोडायला वापरत असे, तो सरस. म्हणून कोलॉइड म्हणजे 'सरसासारखा'. (तुम्ही पिता त्या कोलाशी याचा काही संबंध नाही. तो शब्द आफ्रिकेतल्या कोला नावाच्या झाडाच्या बियांवरून आला आहे.)

ग्रॅहमचा प्रयोग सोपा होता. त्याने मध्ये चर्मपत्राचा पडदा लावून एका बाजूला एखादे द्रावण ठेवले आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ पाणी. मीठ आणि साखर पडद्यातून सहज पलीकडे गेली. डिंक आणि सरस मात्र अलीकडेच अडकून राहिले. जे अडकून राहिले त्यांना त्याने कोलॉइड म्हटले, आणि अशा तऱ्हेने पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धतीला डायलिसिस. हा दुसरा शब्द तुम्ही दवाखान्याच्या संदर्भात ऐकला असेल. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त शुद्ध करताना हेच तत्त्व वापरतात. नको असलेले लहान रेणू पडद्यातून निघून जातात आणि रक्तातली मोठी प्रथिने आतच राहतात. १९४३ साली नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरांनी डायलिसिसचे यंत्र तयार केले, तेव्हा पडदा म्हणून सॉसेजसाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्या वापरल्या होत्या.

डिंक अडकला, कारण त्याचे कण मोठे असतात. मोठे म्हणजे किती? एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले तर एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. कोलॉइडचे कण साधारण १ ते १००० नॅनोमीटर या मापाचे असतात. साखरेच्या रेणूपेक्षा मोठे, पण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान. म्हणून ते वाळूसारखे तळाशी बसत नाहीत आणि मिठासारखे पूर्ण विरघळतही नाहीत.

मराठीत कोलॉइडला 'कलिल' असा सुंदर शब्द आहे. वाईच्या मराठी विश्वकोशातही तो वापरला आहे. हा मूळ संस्कृत शब्द, अर्थ मिसळलेले, दाट, गुंतलेले. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही तो आला आहे. म्हणून हायड्रोकोलॉइडला आपण 'जलकलिल' म्हणू शकतो. पण पाकिटावर, कारखान्यात आणि दवाखान्यात इंग्रजी शब्दच चालतो, म्हणून या लेखातही तोच ठेवला आहे.

एका शब्दाचे दोन अर्थ

इथे थोडे जपून. शब्दाचा नेमका अर्थ घेतला तर पाण्यात पसरलेले कोणतेही कलिल हे हायड्रोकोलॉइड होते. मग दूधही त्यात येईल. पण खाद्यपदार्थांच्या आणि औषधांच्या व्यवहारात हा शब्द इतका सैल वापरत नाहीत. तिथे हायड्रोकोलॉइड म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेला असा पदार्थ, जो पाण्यात घातला की पाणी दाट करतो किंवा थिजवतो. आपण हा दुसरा अर्थ धरून चालू.

आणखी एक गोंधळ होतो. हायड्रोजेल हा शब्द याच्या जवळचा आहे, पण वेगळा. डब्यातली कोरडी पूड म्हणजे हायड्रोकोलॉइड. ती पाण्यात शिजवून थिजली की जो थुलथुलीत गोळा तयार होतो, ते हायड्रोजेल. शिवाय हायड्रोजेल कृत्रिम रसायनांपासूनही करता येते. डोळ्यांत घालायची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हे असेच कृत्रिम हायड्रोजेल. १९६१ च्या नाताळात चेकोस्लोव्हाकियातल्या ओटो विक्टर्ले या शास्त्रज्ञाने मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळातले भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच यंत्र बनवले आणि त्यावर अशा लेन्स काढल्या. तेव्हा खेळण्यांची खोकी टाकून देऊ नका!

पाणी धरले कसे जाते?

मण्यांची माळ डोळ्यांसमोर आणा. साखरेसारखा एक छोटा रेणू म्हणजे एक मणी. असे शेकडो, हजारो मणी एका दोऱ्यात ओवले की हायड्रोकोलॉइडचा एक रेणू होतो. बहुतेक हायड्रोकोलॉइड अशा शर्करेच्या माळा आहेत. जिलेटिन मात्र प्रथिन आहे, त्याचे मणी वेगळे. या मण्यांवर पाण्याच्या रेणूंना धरून ठेवणाऱ्या जागा असतात. म्हणून माळ पाण्यात पडली की पाणी शोषून घेते, फुगते आणि पसरते.

पुढे दोन गोष्टी होऊ शकतात.

पहिली, पाणी दाट होते. मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात चार शेवया टाकल्या तर पळी सहज फिरते. मूठभर टाकल्या तर शेवया एकमेकींत अडकतात आणि पळी जड लागते. पण शेवया एकमेकींना बांधलेल्या नसतात. भांडे वाकडे केले तर सगळे ओघळते. केचप आणि आइस्क्रीमचे मिश्रण हे या प्रकारातले.

दुसरी, पाणी थिजते. इथे माळा जागोजागी एकमेकींना बांधल्या जातात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे एक जाळे तयार होते. त्याच्या घरांत पाणी अडकून बसते. भांडे उपडे केले तरी ते वाहत नाही. यालाच जेल म्हणतात. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम अगर घालून उकळले आणि निववले, तर सुरीने कापता येतील अशा वड्या होतात. म्हणजे वडीत ९९ टक्के पाणीच! काकडीतसुद्धा इतके पाणी नसते.

तेव्हा लक्षात ठेवा, प्रत्येक हायड्रोकोलॉइड थिजवतेच असे नाही. गवार गम आणि झँथन गम एकएकटे घातले तर फक्त दाट करतात. अगर, जिलेटिन, पेक्टिन आणि अल्जिनेट थिजवतात. कॅरोबच्या बियांचा गम आणि झँथन गम हे दोघे एकटे असताना थिजत नाहीत, पण एकत्र घातले की जेल होते. आणि सुदानच्या बाभळीसारख्या झाडांचा डिंक, ज्याला अरबी डिंक किंवा गम अरेबिक म्हणतात, तो पाण्यात भरपूर विरघळतो, तरी पाणी फारसे दाट होत नाही, कारण त्याची माळ लांब नसून गुंडाळलेल्या झुडपासारखी असते. त्याचे काम वेगळे. सरबतातले सुगंधी तेल पाण्यापासून वेगळे होऊ न देणे, आणि अर्थातच चिकटवणे.

आपल्या स्वयंपाकघरात

आपल्या आज्यांनी हा शब्द ऐकला नव्हता, पण त्यातले सगळे नियम त्यांना ठाऊक होते.

पिठल्याच्या गुठळ्या घ्या. डाळीचे पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकले तर गुठळ्या होतात. कारण प्रत्येक गोळ्याचा बाहेरचा थर लगेच भिजून फुगतो आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचूच देत नाही. म्हणून पीठ आधी गार पाण्यात कालवतात, किंवा एका हाताने भुरभुरत दुसऱ्या हाताने ढवळतात. कारखान्यातही झँथन गम पाण्यात घालताना नेमकी हीच काळजी घेतात. घरी अगर किंवा कॉर्नफ्लोअर वापरताना ते साखरेत मिसळून मग पाण्यात घातले तरी गुठळ्या होत नाहीत, कारण साखरेमुळे कण एकमेकांपासून दूर राहतात.

उकडीचे मोदक घ्या. तांदळाच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते. गार पाण्यात भिजवले तर पारी होणारच नाही. पण उकळत्या पाण्यात उकड काढली की तांदळातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यातल्या माळा बाहेर पडतात आणि पिठाला धरून ठेवतात. ज्वारीच्या भाकरीला गरम पाणी घेतात तेही याचसाठी. आज ग्लुटेन नसलेल्या पावात झँथन गम घालतात, त्याचे काम हेच.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. आपल्याकडचा साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमकडच्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो. खिचडी जास्त भिजली की गिच्च गोळा का होतो, हे आता तुम्ही सांगू शकाल. सूक वाकिफमध्ये मिळणारा आखाती हलवा आणि मुंबईचा चिवट बॉम्बे हलवा हे चुलत भाऊ आहेत. दोन्हींत साखर, तूप आणि स्टार्च. अरबीत स्टार्चला 'नशा' म्हणतात, त्यामुळे पाकिटावर तो शब्द वाचून दचकू नका!

डिंकाच्या लाडवातला डिंक बाभूळ, धावडा अशा झाडांच्या सालीतून पाझरतो. पेरूची जेली पेक्टिनमुळे थिजते. मात्र पेक्टिनला भरपूर साखर आणि थोडे आंबट लागते, म्हणून त्यात लिंबू पिळतात. पिकून मऊ झालेल्या पेरूपेक्षा जरा कच्चा पेरू घेतात, कारण त्यात पेक्टिन जास्त असते.

दोन जेली आणि एक शोध

आता अगर आणि जिलेटिन यांच्यातला फरक पाहू, कारण कतारसारख्या उष्ण देशात तो डोळ्यांना दिसतो.

अगर समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढतात. आपल्याकडे त्याला चायना ग्रास म्हणतात. जिलेटिन जनावरांची कातडी आणि हाडे यांपासून काढतात. जिलेटिनची जेली फ्रिजमध्ये थिजते आणि साधारण ३० ते ३५ अंशांना वितळते. म्हणून ती तोंडात विरघळते. अगर उकळल्याशिवाय विरघळत नाही, निवताना ४० अंशांच्या खाली आले की थिजते, आणि एकदा थिजले की साधारण ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. जुलैच्या दुपारी दोह्यात बाहेर ४५ अंश असतात. जिलेटिनची जेली तिथे पाणी होईल. अगरची वडी सुकेल, आकसेल, पण वितळणार नाही.

या एका फरकामुळे वैद्यकशास्त्र पुढे गेले. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख हे शास्त्रज्ञ रोगजंतू वेगळे करून वाढवण्याचा प्रयत्न करत होते. जंतू वाढवायला ते बटाट्याच्या कापांवर आणि जिलेटिनवर ठेवत. पण माणसाला होणाऱ्या रोगांचे जंतू ३७ अंशांच्या उबेत चांगले वाढतात, आणि त्या उबेत जिलेटिन वितळते. शिवाय काही जंतू जिलेटिन खाऊन त्याचे पाणी करतात. कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर काम करत होते. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे त्यांना मदत करत आणि घरी जेली आणि पुडिंग अगर घालून करत. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून त्यांच्या घरी ही रीत आली होती. जंतूंसाठीही अगरच वापरून पाहा, असे त्यांनी सुचवले. ते जमले. १८८२ साली कॉख यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्या निबंधात अगरचा उल्लेख आहे, फॅनी हेसे यांचा नाही. आजही दवाखान्यात घशाचा नमुना घेऊन 'कल्चर' करायला पाठवतात, तेव्हा तो अगरच्या बशीवरच वाढवतात.

गवारीच्या शेंगेची भरारी

तुमच्यापैकी अनेकांना गवारीची भाजी आवडत नसेल. पण गवारीच्या बीला जगभर मान आहे. त्या बीच्या आतल्या पांढऱ्या भागाची पूड म्हणजे गवार गम, ई ४१२. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते आणि त्यातही राजस्थान पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडून येणारा कॅरोबचा गम अमेरिकेला मिळेनासा झाला. कागद कारखान्यांना त्याला पर्याय हवा होता, तेव्हा त्यांचे लक्ष गवारीकडे गेले.

२०१२ साली तर कमालच झाली. अमेरिकेत खडकांना भेगा पाडून तेल आणि वायू काढण्याचे काम जोरात सुरू होते. भेगा पाडणाऱ्या पाण्यात वाळू मिसळतात, म्हणजे भेग पुन्हा मिटत नाही. पण साध्या पाण्यात वाळू खाली बसते. पाण्यात गवार गम घातला की वाळू तरंगत आतपर्यंत जाते. काम झाल्यावर एक रसायन घालून गवारीच्या माळा तोडतात, मग पाणी पुन्हा पातळ होऊन बाहेर येते. या मागणीमुळे गवारीचे भाव कित्येक पटींनी वाढले. भारतात मार्च २०१२ मध्ये गवारीचे वायदे व्यवहार थांबवावे लागले आणि ते मे २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले.

दुखानला किंवा रास लाफानला काम करणाऱ्या बाबांना आणि काकांना 'ड्रिलिंग मड' म्हणजे काय ते विचारा. विहीर खोदताना आत सोडायचा हा चिखल दाट ठेवायला अनेकदा झँथन गम वापरतात. झँथन गम एका जंतूपासून मिळतो. कोबीच्या पानांवर काळा रोग पाडणारा हा जंतू आहे. या गमचा एक गुण फार उपयोगी. तो ढवळला की पातळ होतो आणि थांबला की पुन्हा दाट. पंप चालू असताना चिखल सहज वाहतो. पंप थांबला की तो दाट होऊन दगडाचा चुरा अधांतरी धरून ठेवतो, तळाशी बसू देत नाही. केचपची बाटली हलवली की केचप का येते, तेही यावरूनच समजेल.

दवाखान्यातही ही मंडळी भेटतात. जखमेवर लावायच्या हायड्रोकोलॉइड पट्टीत पाणी शोषणारी पूड असते. जखमेतला स्राव शोषून ती मऊ जेल होते आणि जखम ओलसर राहते. दातांना तारा लावण्यापूर्वी दंतवैद्य तोंडात गुलाबी लगदा घालून साचा घेतात, तो बहुधा अल्जिनेटचा, म्हणजे तपकिरी समुद्रशेवाळाचा असतो.

पाकीट कसे वाचावे?

पालकांसाठी हा भाग महत्त्वाचा. इथे दुकानांत अनेक देशांचा माल येतो. भारतातून आलेल्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो, इतर देशांच्या पाकिटांवर तो असेलच असे नाही. म्हणून आकडे ओळखता आले तर बरे. ही छोटी यादी कापून फ्रिजवर लावा.

ई ४०१ सोडियम अल्जिनेट : तपकिरी समुद्रशेवाळ
ई ४०६ अगर : लाल समुद्रशेवाळ
ई ४०७ कॅराजीनन : लाल समुद्रशेवाळ
ई ४१० कॅरोबचा गम : झाडाच्या बिया
ई ४१२ गवार गम : गवारीच्या बिया
ई ४१४ अरबी डिंक : झाडाचा डिंक
ई ४१५ झँथन गम : जंतूंपासून, साखरेवर वाढवून
ई ४४० पेक्टिन : फळे, मुख्यतः लिंबूवर्गीय साली आणि सफरचंद

यातले एकही प्राण्यापासून येत नाही. जिलेटिन मात्र येते, आणि ते बहुधा नावानेच लिहिलेले असते. अरबीत 'जिलातीन'. मार्शमेलो, मऊ रबरासारख्या गोळ्या, काही दही आणि पुडिंगे, औषधाच्या कॅप्सूलची टोपणे, यांत ते असू शकते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. 'हलाल जिलेटिन' असे लिहिले असेल तर ते डुकराचे नाही आणि नियमानुसार आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते गाईगुरांचे किंवा माशाचे असू शकते. हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे. कोणी काय खावे हे ज्याने त्याने घरात ठरवावे, पण जे खातो ते कळून खावे. वाढदिवसाला वर्गातल्या मुलांसाठी खाऊ आणताना आणि शाकाहारी घरातले मूल आपल्याकडे आले असताना हे आठवले तर बरे.

जपायच्या दोन गोष्टी

एक, इसबगोल. हा फारसी शब्द, अर्थ घोड्याचा कान, कारण बी त्या आकाराचे असते. त्याची साल पाणी पिऊन कितीतरी फुगते, आणि तोच तिचा उपयोग. पण कोरडी किंवा घोटभर पाण्याबरोबर घेतली तर ती घशात किंवा अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते. नेहमी पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी आणि वर आणखी पाणी घ्यावे. आजी-आजोबा इथे आले असतील आणि त्यांना गिळायला त्रास होत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

दोन, चोखून खायच्या छोट्या जेलीच्या वाट्या. कोंजॅक नावाचा एक कंद आहे, आपल्या सुरणाचा भाऊबंद. त्याची जेली घट्ट असते आणि जिलेटिनसारखी तोंडात वितळत नाही. वाटी तोंडाला लावून जोरात चोखली की तुकडा थेट घशात जाऊन बसतो. त्यामुळे लहान मुले दगावली, आणि २००१-०२ च्या सुमारास अमेरिकेने आणि युरोपने अशा वाट्यांवर बंदी आणली. कोंजॅकचा आकडा ई ४२५. लहान भावंडांना कुठलीही घट्ट जेली चमच्याने, बारीक तुकडे करून, बसवूनच द्यावी.

घरी करून पाहा

मोठ्या माणसाला बरोबर घ्या, कारण यात उकळते पाणी आहे.

१. एका पेल्यात एक चमचा सब्जा आणि अर्धा पेला पाणी घाला. दर पाच मिनिटांनी एक बी पट्टीवर ठेवून मोजा. किती वेळाने फुगणे थांबते ते लिहून ठेवा.

२. एका वाटीत अगरची आणि दुसऱ्या वाटीत जिलेटिनची जेली करा. जिलेटिन चालत नसेल त्यांनी मित्राच्या घरी पाहावे. दोन्हींचा एक एक तुकडा बशीत घालून उन्हाच्या खिडकीत ठेवा. आधी काय होईल ते लिहा, मग पाहा.

३. दोन्ही जेलींत थिजण्यापूर्वी ताज्या अननसाचे तुकडे घाला. ताज्या अननसातला एक पाचक रस प्रथिने तोडतो. जिलेटिन प्रथिन आहे, अगर नाही. कोणती जेली थिजणार नाही? आणि डब्यातला, म्हणजे उकळलेला अननस घातला तर?

शब्दार्थ

कलिल : कोलॉइड. सरस : प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ. थिजणे : पातळ पदार्थ निवून घट्ट होणे (तूप थिजते). उकड : उकळत्या पाण्यात शिजवलेले पीठ. पारी : सारण भरण्यासाठी केलेली पिठाची वाटी. गुठळी : न मोडलेला पिठाचा गोळा. भाऊबंद : एकाच कुळातले नातेवाईक.

तिन्ही प्रयोगांची उत्तरे वहीत मराठीत लिहून पुढच्या शुक्रवारी वर्गात आणा. आणि घरातल्या एका पाकिटावर यादीतले किती आकडे सापडले, तेही सांगा.